पेजेत नापास

आमच्या शेजारी वसंतमामांच्या घरी सतरा वर्षांच्या माणसाला आयतं पाणी मिळत नाही. म्हाताऱ्यांना मिळतं, लहान पोरांना मिळतं, माझ्यासारख्या कचेरीतून दमून आलेल्या बाईला तर गुळाच्या खड्यासकट मिळतं. पण मिसरूड फुटलेला एखादा मुलगा नाहीतर दहावी झालेली एखादी मुलगी पडवीत येऊन "मामा, पाणी" म्हणाली, की मामा विहिरीकडे बोट दाखवतात. "ती बघ कळशी. तो बघ दोर. पी पोटभर."

मागे पर्वरीहून माझा भाचा आला होता. कॉम्प्युटर शिकतो, तोंडात सदा इंग्रजी. त्यानं मामांच्या सांगण्यावरून दोर रहाटावर चढवला. मामा म्हणाले, "आता हळूहळू सोड." त्यानं दोन्ही हात उघडले. कळशी गेली, तिच्या मागोमाग दोर गेला, आणि भाचा आत वाकून विचारतो, "मामा, आता ती आपोआप वर येते काय?" गळ टाकून कळशी काढेपर्यंत दुपार टळली. शेवटी मीच कुंपणावरून फ्रीजमधली बाटली दिली, तर मामा माझ्यावर डाफरले, "वयनी, तुम्हीच ह्यांका बिघडवतात!"

मामा मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी आमच्या मुळगावच्या खाणीवर स्टोअरकीपर म्हणून आले आणि इथलेच झाले, बोली तेवढी तिकडची ठेवली. लग्न केलं नाही. खाण बंद पडली, नोकरी गेली, पण नजर काही गेली नाही. पूर्वी नटबोल्ट तपासायचे, आता वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, पोरं तपासतात. आणि तपासणीचा शेवट ठरलेला. पोर काहीही बोलो, मामा मान तिरकी करून विचारणार, "बरां. आणि आवस घरात नसली तर?" आवस म्हणजे आई.

समोरचा रोहन बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून मामांना पेढे द्यायला गेला. मामांनी काड्यापेटी हातात दिली आणि देवापुढची समई लावायला सांगितली. पोरानं काडी पेनासारखी धरली. तीनचार मोडल्या, एक पेटली ती घाबरून टाकली. नशीब, ती ओल्या पायपुसण्यावर पडली. "मामा, लायटर नाही?" असं विचारल्यावर मामा म्हणाले, "असा ना. लायटर आवशीकडे असा. आणि आवस घरात नसली तर?"

पलीकडच्या श्रेयाला त्यांनी एकदा घराचा पत्ता विचारला. ती म्हणाली, "लोकेशन टाकते ना मामा." मामांचा फोन बटणांचा, त्यावर कसलं लोकेशन येतंय! मग तोंडी सांग म्हटल्यावर ती 'मुळगाव, गोवा' याच्या पुढे जाईना. वाड्याचं नाव नाही, घराचा नंबर नाही, पिनकोड म्हणजे काय ते तिनं मलाच विचारलं. मामांनी तिलाही तोच प्रश्न टाकला. आता पत्त्याचा आणि आईचा संबंध काय, ते मला विचारू नका. मामांचं ते वाक्य मिठासारखं आहे, सगळ्यात चालतं.

हे सारं मी हसत ऐकायचे, कारण ती दुसऱ्यांची पोरं होती. मग एक दिवस माझी पाळी आली.

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. मी न्हाणीघरात होते म्हणून आमची तनू पाव आणायला गेली. मामा कुंपणाशी झाडांना पाणी घालत होते. पोदेरानं सायकल उभी करून विचारलं, "काय देऊ?" तनू म्हणाली, "ते... गोल असतं ना, वरून कडक." पोदेर म्हणाला, "उंडे?" तर माझी लेक म्हणते, "अय्या, त्याला नाव आहे?"

सतरा वर्षं उंडे खाऊन वाढलेली माझी मुलगी! मामांनी तिथूनच हाळी दिली, "वयनीऽ, तुमच्या पोरीची आणि उंड्याची आज वळख झाली हां!" अख्ख्या वाड्यानं ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी ओल्या केसांनीच त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामा, मी तिला मुद्दामच काही शिकवलेलं नाही. पेडण्याला माझ्या माहेरी मला दहाव्या वर्षी चुलीपुढे बसवली. भाऊ अंगणात क्रिकेट खेळायचे आणि मी त्यांची ताटं घासायची. तेव्हाच ठरवलं होतं, माझी मुलगी पुस्तक घेऊन बसेल, तवा घेऊन नाही. कळलं?"

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर असा तुमचा. मी तिका चूल सांभाळूक शिकवत नाय. भूक लागली तर रडत बसा नये, इतक्याच."

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते सांगितलं. आई गेली तेव्हा मामा बारा वर्षांचे. पाठीवर दोन बहिणी. दिवसकार्य आटपून पाहुणे गेले, वडील पाहुण्यांना पोचवायला गेले, आणि संध्याकाळी बहिणी म्हणाल्या, दादा, भूक लागली. "वयनी, त्या घरात मी बारा वर्सा जेवलंय. पण तांदूळ खंयच्या डब्यात असतत, ता माका ठावक नव्हता. सगळे डबे उघडून बघितलंय. दोघांय चेडवां गूळ खावन झोपली."

मी भांडायला गेले होते. तिथेच पायरीवर बसले. त्या दोन बहिणींना मामांनीच रांधून वाढवलं, त्यांची लग्नं करून दिली. एक फोंड्याला असते, एक सावंतवाडीला. दोघी चवथीला येतात आणि दीड दिवसाचा गणपती पोचवला की जातात. बाकी वर्षभर मामा आणि त्यांची पडवी.

त्याच उन्हाळ्यात तनूचं पुण्याच्या कॉलेजात ठरलं. हॉस्टेल मिळालं नाही. चार मुलींनी मिळून खोली घेतली आणि जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं असं ठरलं. झालं! मामांनी कुंपणापलीकडून जाहीर केलं, "पेज जमल्याशिवाय ह्या पोरीक गाडीत बसूक देणार नाय."

आता पेज म्हणजे काय, तर उकड्या तांदळाची, पातळ, वरून मिठातली कैरी, म्हणजे आमची तोर. यात शिकण्यासारखं काय आहे, असं वाटेल. करून बघा. उकडा तांदूळ हट्टी. घाई केली की वरून मऊ आणि आतून कच्चा राहतो, विसरलात की शीत फुटून त्याची खळ होते. तनू म्हणाली, कुकर लावू? मामांनी कानांवर हात ठेवले. "तीन शिट्ट्या मारून होता तो भात. पेजेक माणूस लागता."

तर रोज दुपारी चार वाजता तनू त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. आणि रोज नापास होऊ लागली. मी कचेरीतून आले की इकडे कान लावून असायचे, निकाल ऐकायला.

"पानी बघ, न्हाऊक पुरतला!"

दुसऱ्या दिवशी, "ह्या शिताक चावूक दात खंयचे आणू?"

मग मीठ आधी पडलं, मग मीठ पडलंच नाही, मग करपली. रोहन, श्रेया आणि बाकीची पोरंही मामांकडे हीच पेज शिकली, आणि आठवड्याभरात पास होऊन आपापल्या कॉलेजांना लागली होती. एका पोरानं तर वर आमलेटही शिकून घेतलं. आणि माझी फिजिक्समध्ये नव्वद मार्क मिळवणारी लेक मृग गेला, आर्द्रा लागल्या, तरी तांदूळ करपवतेच आहे. सुरुवातीला मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. पुण्याला ही खाणार काय? मॅगी? आजारी पडली तर कोण आहे? मी जे तत्त्व म्हणून मिरवलं, त्यापायी पोर उपाशी राहणार की काय? नवऱ्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "पुण्यात हॉटेलं आहेत." या माणसाला बोलण्यात अर्थ नव्हता.

जायला आठवडा राहिला आणि मलाच सडकून ताप आला. नवरा फॅक्टरीत दुसऱ्या पाळीला गेलेला. मी गोधडी घेऊन पडले होते, डोळा लागला. उठले ती वासानं. पितळी वाडग्यात वाफाळणारी पेज, शीत न् शीत टपोरं, मऊ, आणि पेजेचं पाणी दुधासारखं दाट. बाजूला तोर.

मला वाटलं, मामांनी दिली. एक घोट घेतला. आईच्या हातची आठवली हो. विचारलं, "मामांनी केली?"

"मी केली."

"तू? कधी शिकलीस?"

"कधीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी."

"मग रोज नापास कशी होतेस गो?"

तनूनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आई, त्यांना सांगू नको हां. रोहन पास झाला, परत गेलाच नाही. श्रेया पास झाली, तीही नाही. मीही पास झाले, तर मामा चार वाजता काय करतील?"

मी पेज पीत राहिले. ताप होता म्हणून डोळ्यांतलं पाणी खपून गेलं. पत्ता सांगता येत नाही, काडी ओढता येत नाही, असं म्हणून आम्ही ज्यांना हसतो त्यांच्यातलीच ही एक. हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

तनू नापासच पुण्याला गेली. गाडी सुटताना मामा हात उंच करून ओरडत होते, "पानी उकळूक लागल्यावर तांदूळ, आधी नाय!" आणि ती खिडकीतून विचारत होती, "काय? आधी?" इतका संताप आला होता मामांना!

नागपंचमीला मी पातोळ्या केल्या. हळदीच्या पानांतल्या गरम पातोळ्या घेऊन संध्याकाळी मामांकडे गेले तर पडवीत फोन चालू होता. ऐकू कमी येतं म्हणून मामा स्पीकर लावतात. पलीकडे तनू. "मामा, बटाटा शिजला की नाही ते कसं कळतं?"

"सुरी टोचून बघ गो! आता बटाटो काय तुका फोन करून सांगतलो?"

"आणि सोलायचा आधी की नंतर?"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. पंधरावीस मिनिटं त्यांनी बटाट्यावर भाषण दिलं. मग वांग्यावर आले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला तिथं उभं राहवेना. वाटलं, बिचारे, यांना काही ठाऊक नाही. वाटलं, ठाऊक नाही तेच बरं.

मामांनी पातोळीचं पान उलगडलं. खाता खाता म्हणाले, "वयनी, तुमच्या पोरीक सगळा येता हां."

मी दचकले. "म्हणजे?"

"पेज ती दुसऱ्या दिवसापासून बरी करी होती. मुद्दाम बिघडवी. माका काय कळत नाय? मी काय आज पेज खातंय?"

"मग रोज नापास कशाला केलंत?"

मामांनी पातोळीचं पान घडी केलं. "पोर भियालेली होती वयनी. घर सोडून जावचा म्हणून. तुमच्यासमोर हसत, नाचत होती. हंय येवन गॅसापुढे गप बसत होती. कधी डोळे पुसी, म्हणी धूर लागलो. गॅसाक खंयचो धूर? पास केलंय असतंय, तर खंय जावन बसतली ती? आणि आतांव बघा. एकटी पडली की फोन करता. आवशीकडे रडूक लाजता. मगे बटाटो विचारता. विचारूं दे बापडी. मी आसंय."

माझ्या घरात, माझ्या नाकासमोर माझी मुलगी घाबरली होती, आणि ते मला नाही, या माणसाला दिसलं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि त्याहून जास्त बरं वाटलं. तिनं यांच्यासाठी पेज बिघडवली आणि यांनी तिच्यासाठी ती गोड करून खाल्ली, आणि दोघांनाही वाटतंय की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. यातलं एक अक्षर मी कोणाला सांगणार नव्हते.

पण घरी जायला पाय निघेना. आमच्या घरातही चार वाजता आता कोणी नसतं. भांडी सकाळी जिथं ठेवली तिथंच संध्याकाळी सापडतात.

मी पदर खोचला आणि म्हटलं, "मामा, एक विचारू? सोलकढी माझी नीट होतच नाही. आधी नारळाचा रस घालायचा की सोलांचं पाणी?"

मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पेडण्याची बाई, दहाव्या वर्षापासून रांधते, ती सोलकढी विचारते आहे. त्यांचे डोळे बारीक झाले. उठले, आत गेले, आणि एक नारळ आणि कोयता आणून माझ्यापुढे ठेवला.

"आधी नारळ फोडून दाखवा बघूया."

मी कोयता उचलला आणि नारळ मुद्दाम वाकडा फोडला.