देवरावभाऊंचा ताण

देवरावभाऊंच्या घरी चहा लगेच मिळत नाही. आधी ताण मिळतो. पाहुणा खाटेवर बसतो, आत कपबशा वाजतात, आणि भाऊ बायकोला आवाज देतात, "थांब वं, ताण बसू दे त्याले. चहा गोड लागन."

ताण हा संत्र्याच्या बागेतला शब्द. आमच्या कारंजा भागात आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी बंद करतात. झाड तहानतं, वाढ थांबवतं, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुलांनी भरतं. बाकीच्यांनी हा शब्द बागेतच ठेवला. देवरावभाऊंनी तो घरी आणला. लाइन गेली की म्हणतात, "ताण देऊन राह्यले."

बागेत मात्र थट्टा नाही. वाळलेल्या काड्या ते स्वतः छाटतात. फळं दाटली तर बोराएवढी असतानाच निम्मी खुडतात. माझं शेत त्यांच्या धुऱ्याला लागून आहे. एकदा मी म्हणालो, "भाऊ, चांगली फळं पाडून राह्यले तुम्ही."

"साऱ्यायले पोसलं तं सारे लिंबाएवढे राह्यतीन."

त्यांचं संत्रं मोठं, पातळ सालीचं. व्यापारी आधी त्यांच्याच बागेत येतो.

"ताण देनं कोनालेही जमते," ते सांगतात. "तोडाचा कवा, ते समजलं पायजे." त्यासाठी ते सकाळी पानं चाचपतात. दुपारी मान टाकलेलं पान सकाळपर्यंत सावरलं, तर झाडात दम आहे. सकाळीही मलूल असेल तर लगेच मोटर सुरू. एका वर्षी कोपऱ्यातलं झाड त्यांनी उशिरा पाहिलं. ते वाळलं. त्याचं खोड त्यांनी अजून काढलेलं नाही.

त्यांची धाकटी, माया, नागपूरला बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. दिवाळीला येते म्हणाली, तर भाऊ फोनवर म्हणाले, "निकाल लागल्यावरच येजो. ताण बसल्याबिगर बहार फुटत नाई."

निकाल जानेवारीत लागला. तिचं नाव नव्हतं. ती सकाळच्या बसने आली तेव्हा मी खाटेवर चहाची वाट पाहत होतो. पोरीला आता काय ऐकावं लागतं, म्हणून शेजारचे दोघे फाटकाशी रेंगाळले होते.

माया अंगणात उभी राहिली. हातातली बॅग तिने खाली ठेवली नाही.

"बाबा, या टायमालेही नाई झालं."

भाऊ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पान पाहतात तसे. मग आत गेले आणि कप घेऊन बाहेर आले.

"घे. बस."

"अन् ताण?" मायाने विचारलं.

"झाला," भाऊ म्हणाले. "म्याच उशिरा पाह्यलं."

तो कप माझ्यासाठी भरलेला होता. मी मागितला नाही.