कच्च्या लिंबाचे चार आणे

चारठाण्यात सिद्रामअप्पांच्या दुकानात पाइप घ्यायला गेलेला माणूस नुसता पाइप घेऊन परत येत नाही. जर्मनीत वर्षातल्या चांगल्या बैठ्या खेळाला बक्षीस देतात, ते यंदा कुणाला मिळावं, याच्यावर मत देऊनच त्याला निघावं लागतं. परवा एक जण ठिबकची नळी न्यायला आला. अप्पांनी त्याला विचारलं, "द्राक्षाच्या मळ्याचा खेळ चांगला का आगगाडीचा?"

तो म्हणाला, "अप्पा, माझा कापूस वाळायलाय."

"मग मळ्याचा धरतो," म्हणून अप्पांनी लिहून घेतलं.

त्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. अप्पा ते परदेशी खेळ डबेच्या डबे मागवतात आणि बक्षिसाच्या आधी मोबाइलवर आपली यादी जाहीर करतात. शेजारीण म्हणून माझ्या नशिबी हे आलं. डब्यातला नियमांचा कागद मोठ्या अक्षरात काढून द्यायची मी, आणि मोबाइल धरून अप्पांचा व्हिडिओ काढायची तीही मीच. कपाळाला विभूतीचे पट्टे, मागं फवारणीचे पंप लटकलेले, पुढं तो रंगीबेरंगी परदेशी पसारा. "शिव शिव" म्हणून सुरुवात. मग डब्याचा वास घ्यायचा. खरंच घेतात. "शाई चांगली हाय. पर डब्बा मोठा अन् ऐवज छोटा."

गुण आण्यांत. सोळापैकी बारा आणे खेळाचे आणि उरलेले चार आणे कच्च्या लिंबाचे.

लहानपणी खेळात कुणाचं तरी शेंबडं भावंड घ्यावंच लागायचं. ते पळायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही. ते कच्चं लिंबू. अप्पांचं म्हणणं, ज्या खेळात कच्चं लिंबू बसत न्हाई तो खेळ बक्षिसाच्या लायकीचा न्हाई.

"अप्पा, जर्मनीत कुठलं आलं कच्चं लिंबू?"

"का? तिथं लेकरं न्हाईत?"



या चार आण्यांपायी अप्पांचा अंदाज दरवर्षी सपशेल चुकतो. ज्याला बक्षीस मिळतं त्याला अप्पांनी आधीच आठ आण्यांवर उतरवलेलं असतं. व्हिडिओखाली लोक लिहितात, "अप्पा ज्याला नावं ठेवतील तोच जिंकणार, डोळे झाकून सांगा." मी ते मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवते. अप्पा म्हणतात, "त्येंचे पंच चुकले." पडलो तरी नाक वर.

आता महादेवीअक्कांचं सांगते. अक्का म्हणजे अप्पांच्या बायको. एकेकाळी सोंगट्यांत साऱ्या गल्लीला पाणी पाजलेली बाई. दोन वर्षं झाली, त्यांना विसरायला होतं. आधी गॅसवरचं दूध विसरायच्या, मग सुनेचं नाव. नवा डबा आला की अप्पा त्यांना समोर बसवायचे. पण या खेळांत एक सोंगटी चुकली की सगळंच अडतं. कुणी "असं न्हाई अक्का" म्हटलं की त्या उठून आत जायच्या. दिवाळीनंतर तर बसल्याच नाहीत. ते चार आणे कशाचे, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तोवर मी दात काढत होते. लाज वाटली मला.

यंदा यादी जाहीर करायच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पांनी हाक मारली. "सुनंदा, एक डब्बा उरलाय. अक्का बसली तर एक नंबरला ह्योच. न्हाई बसली तर यादी बंद अन् व्हिडिओ बी बंद. लय झालं."

मी शटर ओढलं आणि त्यांच्या घरी गेले.

मधमाश्यांचा खेळ होता. लाकडी माश्या पुठ्ठ्याच्या फुलांवर बसवायच्या आणि मध गोळा करायचा. अक्का दारातून बघत होत्या. बघता बघता आल्या, एक माशी उचलली आणि बसल्या. अप्पांनी लगेच नियम केला, अक्कांची माशी जिथं बसंल तिथं फूल हाय असं धरायचं. अक्कांनी एक माशी पानाच्या डब्यावर बसवली. आम्ही दोघांनी मध दिला.

अप्पांचं खेळात लक्षच नव्हतं. ते अक्कांकडंच बघत होते. त्या नादात त्यांनी आपली माशी भलत्याच ठिकाणी ठेवली. मी सवयीनं बोलून गेले, "चुकलं अप्पा."

अक्कांनी मान वर केली. अप्पांकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "त्येंला कशाला बोलायलीस गं? पावणे दिसायलेत कुणाचे तरी. कच्चं लिंबू घेऊ त्येंला. खेळू दे बिचाऱ्याला."

अप्पांनी धोतराचा सोगा डोळ्याला लावला, नीट मांडी घालून बसले आणि जन्मात पहिल्यांदा बायकोला अहो-जाहो केलं. "घ्या की. लय उपकार होतील तुमचे."

अक्कांनी आपल्यातली एक माशी त्यांच्याकडं सरकवली. चहा निवून गेला तरी डाव चालूच होता.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल धरला. अप्पांनी मधमाश्यांना सोळाच्या सोळा आणे दिले. यादीत दुसरं नावच नव्हतं. मी म्हटलं, "अप्पा, जरा इचार करा. यंदा बी अंदाज चुकला तर?"

"चुकू दे की," अप्पा म्हणाले. "मला खेळात घेतलंय."