शेवंतामावशी मीठ पाहते

तुम्ही कधी बोरी अरबला आमच्या गल्लीत जेवायला आलात, तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्या ताटातला एक घास तुमचा नाही. तो शेवंतामावशीचा आहे. तुम्ही पाहुणे असा, जावई असा, नाहीतर तहसीलदार असा, मावशी कुठूनतरी उगवणार, तुमच्या ताटात हात घालणार, घास तोंडात टाकणार आणि डोळे मिटून निकाल देणार, “मीठ बराबर हाय.” नाहीतर, “अळणी झालं. कोनं केलं?” तुम्ही काही बोलायच्या आत ती शेजारच्या ताटावर पोचलेली असते.

मावशीने साठी कधीच ओलांडली. अंगाने ऐसपैस, आवाज असा की ती घरात शिंकली तर आम्ही दुकानात ‘सत्य आहे’ म्हणतो. नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, तो वारला. मूलबाळ नाही. पेन्शन येते, घर स्वतःचं आहे आणि भांडायला अख्खी गल्ली आहे. “मले काय कमी हाय?” असं ती येता-जाता विचारते आणि उत्तरासाठी थांबत नाही.

आता मी कसा माणूस आहे तेही सांगतो. नाव विजू, स्टेशनरीचं दुकान, आणि ताटाच्या बाबतीत अत्यंत कंजूस. बायको म्हणते, जेवताना कोणी जवळ आलं की मी गुरगुरतो. पाटवडीचा रस्सा असला की मी शेवटची वडी राखून ठेवतो. एकदा मावशीच्या भीतीने ती भाकरीखाली लपवली. मावशी आली, रश्शाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ भाकर उचलली आणि वडी तोंडात टाकून म्हणाली, “लपवलेली वडी अळणी लागते, विजू. उघड्यावर ठेवत जाय.”

आमच्या शेजारचा सलीमभाई गाड्या दुरुस्त करतो आणि सुटीच्या दिवशी कोंबडी खातो. त्याने एकदा धीर करून विचारलं, “मावशी, मीठ पाहाले लेगपीसच कायले लागते? रस्सा पाह्य ना.”

“मीठ हड्डीत बसते,” मावशी म्हणाली. सलीमभाई लेगपीसकडे बघत राहिला. ते बघण्यापुरतंच त्याच्याकडे उरलं होतं.

ही खोड तिला जन्मजात नाही. मनू आली त्याच महिन्यात ती लागली.

मनू म्हणजे आमच्या दिलीपची भाची. दिलीप काळीपिवळी चालवतो, बोरीहून यवतमाळ, यवतमाळहून बोरी, जीप खच्चून भरेपर्यंत हलत नाही. त्याच्या बहिणीला आणि मेव्हण्याला एड्सने एकामागून एक नेलं. लेकराला कोणी घेईना, तेव्हा दिलीपने तिला जीपमध्ये घातलं आणि घरी आणलं. पोरगी दुसरीत. लागण तिलाही होती. रोज गोळ्या घ्यायची, आणि गोळ्या घेऊन गल्लीभर अशी उंडारायची की आमची धडधाकट पोरं तिच्यामागे धापा टाकत.

सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी घरोघर येऊन समजावलं होतं, सोबत जेवल्याने, खेळल्याने हा आजार होत नाही. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही. मग एका बारशाला पंगत बसली. सगळ्यांना स्टीलची ताटं, आणि मनूला कोपऱ्यात एकटीला कागदाची पत्रावळ. कोणी ठेवली, कोणाला ठाऊक नाही. दिसली मात्र सगळ्यांना.

मावशी वाढत होती. तिने वरणाची बादली खाली ठेवली. मनूच्या समोर फतकल मारून बसली आणि तिच्या पत्रावळीतला वरणभात कालवून एक घास खाल्ला. म्हणाली, “मीठ पाह्यते.” मग उठली आणि त्याच हाताने शाळेच्या गुरुजींच्या ताटातला घास घेतला, मग सलीमभाईच्या, मग माझ्या. अशी अख्खी पंगत केली. दोघं-तिघं उठून गेले. गुरुजी म्हणाले, “बाई, हे काय चालवलं तुम्ही?”

“माह्या आज्याची कपबशी हाटेलात वेगळी राहे,” मावशी म्हणाली, “बाहेर खुटीले टांगलेली. त्यानं चहा पेला, धुतली, अन् पुन्हा टांगली. आता तुमी या लेकराले कागद देऊन राह्यले? उठा ना. ज्याले उठाचं हाय त्यानं उठा. उद्या घरी येऊन मीठ पाह्यते.”

आणि ती खरंच आली. रोज संध्याकाळी एका हातात मनू, मनूच्या हातात तिचं ताट, अशी वरात निघायची. आधी मनूच्या ताटातला घास, मग तुमच्या. दार लावलं तर मागच्या दाराने. मी एकदा आठ दिवस पोट बिघडल्याचं सोंग केलं, तर ती माझी मऊ खिचडी चाखून गेली. मनूची वेगळीच तक्रार. ती ताट छातीशी धरून ओरडायची, “मावशी, पापड नाई घ्याचा! भात घे!” या बाबतीत पोरगी माझ्या गोत्रातली निघाली.

दिलीपला यायला उशीर व्हायचा, म्हणून मनू झोपायलाही मावशीकडेच. एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना दिलीपच्या लग्नाचं निघालं.

पोरगा निर्व्यसनी, जीप स्वतःची. पण भाचीचं कळलं की स्थळं परत जात. शेवटी नेरचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाच्या तोंडून निरोप धाडला, सगळं पसंत आहे, फक्त त्या पोरीला कुठल्यातरी दूरच्या होस्टेलात टाका. दिलीप हो म्हणेना, नाहीही म्हणेना. जीपचं स्टिअरिंग धरून नुसता बसून राहायचा. आतले पॅसेंजर बोंब मारायचे.

पाहुणे घर पाहायला यायचं ठरलं. गल्लीने गुप्त बैठक घेतली. मनूला माझ्या स्वयंपाकघरात बसवायचं आणि मावशीला माझ्या दुकानात अडकवून ठेवायचं, असा ठराव झाला. दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. मी मावशीला म्हटलं, “मावशी, दुकानातले पेन लिहितात का ते पाहून दे.” तिने एक पेन उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काहून बे, पाहुणे आले का?”

पुढचं माझ्या हातात नव्हतं. मावशी माझ्या घरात घुसली. मनू तिथे तर्री-पोहे खात होती. “घरात पाहुणे, अन् घरची पोरगी दुसऱ्याच्या चुलीपाशी?” असं गरजून तिने मनूला ताटासकट उचललं आणि दिलीपच्या घरात, बरोब्बर पाहुण्यांच्या मधोमध नेऊन बसवलं.

मुलगीही आली होती, शीतल. आजकाल पोरी आपलं घर आपणच पाहून घेतात. मावशीने मनूचे पोहे चाखले आणि तोच चमचा मुलीच्या वडिलांच्या प्लेटमध्ये घातला. “मीठ पाह्यते, पाहुणे.” त्यांचा हात हवेतच थांबला. पाहुण्यांच्या सोबतीला गल्लीची मंडळी बसली होती, मागोमाग जाऊन मीही प्लेट घेतली होती; मावशी त्या ओळीकडे सरकली. सलीमभाईचे चाखले, गुरुजींचे चाखले, माझे चाखले. मी सवयीने म्हणालो, “मावशी, शेव नको घेऊ.” गुरुजींनी तर्री मागितली. वडिलांनी प्लेट खुर्चीखाली ठेवली, चहा तसाच सोडला आणि जाताना म्हणाले, “कळवतो.” या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो.

दिलीप भिंतीला टेकून बसला. “मावशी, तुनं माह्यं लगन मोडलं.”

“मोडनार होतं त पोह्यावर मोडलं, बरं झालं,” मावशी म्हणाली. “लगनाच्या हालमधी मोडलं असतं त बुंदी वाया गेली असती.” पण हे बोलताना आवाज नेहमीचा नव्हता. ती घरी गेली आणि संध्याकाळी बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गल्लीने निवांत जेवायला हवं होतं. मी शेवटची वडी उघड्यावर ठेवून बसलो आणि ती मला गोड लागली नाही. सलीमभाई ताट हातात घेऊन दारात उभा होता. माझं काही चुकलं नव्हतं, तरी मला फार वाईट वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी शीतल एस.टी.ने आली. सोबत तिची आई. सरळ दिलीपच्या दारात.

“बाबाले मी जाताना एस.टी.तच विचारलं, पोहे काहून ठेवले? थे म्हने, बिमारी,” शीतल म्हणाली. “मी म्हटलं, थेच चाखलेले पोहे पुरी लाइन खाऊन राह्यली होती. एकाचाही हात थांबला नाई. एक भाऊ त शेवेसाठी भांडून राह्यले होते. दाखवाचं म्हणून असं कोनी खात नाई.” मग दिलीपकडे वळून म्हणाली, “पोरगी इथंच राहीन. बाबा येतीन हळूहळू. तुमचं काय?”

दिलीपने शीतलच्या आईला खुर्ची दिली. मनूने मात्र लगेच विचारलं, “तुमाले खिशाचा फ्रॉक शिवता येते का?” येत होता. शीतल शिवणक्लास चालवते.

गल्लीने सलीमभाईच्या गॅरेजातले हॉर्न वाजवले. मी धावत जाऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “बराबर हाय,” आणि आत गेली. माझी अपेक्षा होती, ती निदान नाचेल.

म्हणून दुसऱ्या दुपारी पेढे घेऊन गेलो. मावशी अंगणात एक लहान गोधडी उन्हात टाकत होती. आता मामी येणार, म्हणजे मनू आपल्या घरी झोपणार, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या डोक्यात ते लग्नाचं निघाल्या दिवसापासून होतं. तरी मनूने त्याच घरात राहावं म्हणून ती भांडली.

“बरं झालं आला,” ती म्हणाली. “तिच्या मामीले सांगजो, पोरगी झोपीत लाता मारते. भिंतीकडून झोपवाव. गोळी जेवल्यावर, गुळाच्या खड्यासंगं.”

“तूच सांग ना.”

“मी सांगतलं त सासूवानी वाटन तिले.” गोधडीला सुरकुती नसताना ती सारखी करत राहिली. “अजून एक हाय. झोपीत ‘आई’ म्हणून हाक मारते. तवा ‘ओ’ द्या लागते. नाई देल्ला त उठून बसते.”

“तू देत होतीस?”

“मंग कोन देईन? मले जल्मात कोनी आई म्हटलं नोयतं, विजू. पह्यल्या दिवशी मी इकडंतिकडं पाह्यलं, कोनाले हाक मारली म्हणून.”

पेढ्याचा पुडा मी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिलो. मावशीने गोधडी झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“पन ‘ओ’ हळू द्या म्हणा. जोरानं देल्ला त जागी होते, अन् मंग पाह्यते कोन हाय थे.”