अपक्ष परबभाऊ

मतं मागायला दारात उभे राहिले की परबभाऊ आधी स्वतःचे दोष सांगतात. "नमस्कार. मी अपक्ष उमेदवार. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, राग पटकन येतो आणि इंग्रजी पत्र आलं की शेजारच्या वंदनाकडून वाचून घेतो." मग पत्रक पुढे करतात.

ती वंदना म्हणजे मी. दहिसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमचे दरवाजे समोरासमोर. भाऊ मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं गावी घर बांधतात, भाऊंनी महापालिकेचा फॉर्म भरला. त्यांची एकुलती एक कार्यकर्ती मी. तीसुद्धा रजा मिळेल त्या दिवशी.

"खोटां कशाक सांगू?" हे त्यांचं पालुपद. ते ऐकलं की मी डोळे मिटून घेते, कारण पुढे एखादं मत जाणार हे नक्की असतं.

पहिल्या निवडणुकीत त्यांना भेंडी हे चिन्ह मिळालं. प्रचाराच्या पहिल्याच दारात बाई म्हणाल्या, "बरं झालं, लक्षात राहील. आमच्याकडे भेंडी सगळ्यांना आवडते."

"माका नाय आवडत," भाऊ म्हणाले. "बुळबुळीत लागते."

जिन्यात मी त्यांना म्हटलं, "भाऊ, गप्प बसला असतात तरी चाललं असतं."

"अगो, तिने विषय काढल्यान ना?"

नव्या टॉवरमध्ये सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावलं होतं. प्रश्न एकच, पाणी. एका उमेदवाराने सहा महिन्यांत चोवीस तास पाणी देतो म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्याने तीन महिने म्हटलं, जास्त टाळ्या पडल्या. भाऊंनी माइक हातात घेतला. "खोटां कशाक सांगू? लाइन जुनी आहे. ती बदलायला वर्षं लागतील. तोपर्यंत तुमच्या गाड्या पाइप लावून धुऊ नका." टाळ्या सोडाच, कोणी चहासुद्धा विचारला नाही.

मतदानाच्या दिवशी भाऊ केंद्राबाहेर येऊन बोटाची शाई वाळवत उभे होते. मी विचारलं, "दिलं ना स्वतःला मत?"

"नाय. त्या अंगणवाडीवाल्या बाईंना दिलं."

"भाऊ, त्या तुमच्या विरोधात उभ्या आहेत."

"पण आपल्या गल्लीतलं गटार त्यांनी साफ करून घेतलं. मी नुसते अर्ज केले."

त्या बाईही पडल्या. तीन महिन्यांत पाणी देतो म्हणणारा निवडून आला. भाऊंचं डिपॉझिट गेलं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

या वेळी ते पुन्हा उभे राहिले. प्रचाराच्या शेवटच्या दुपारी आम्ही मतदारयादी घेऊन मागच्या चाळीत गेलो. तिथे सावंत आजी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा महेश भांडून घर सोडून गेला, त्याला पंधराएक वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. आजींना आता नीट दिसत नाही.

भाऊंनी हात जोडले आणि दोष सांगायला सुरुवात करणार, एवढ्यात आजींनी विचारलं, "यादी आणलीस ना रे भाऊ? आमच्या महेशचं नाव बघ. मागच्या वेळी होतं म्हणे."

भाऊंनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. त्या खोलीच्या नंबरापुढे एकच नाव होतं, आजींचं. महेशचं नाव कमी केलेलं होतं. आता भाऊ काय बोलणार, मला पाठ होतं.

त्यांचं बोट पानावरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द वाचल्यासारखं म्हटलं, "सावंत, महेश दत्ताराम. आहे हो काकी. तुमच्याच नावाखाली आहे."

"म्हणजे सरकारला ठाऊक आहे, तो इथलाच आहे म्हणून."

"तर काय."

"मग येईल कधीतरी," आजी म्हणाल्या. त्यांनी चाचपडत डबा उघडून आम्हाला दोघांना एकेक लाडू दिला. भाऊंनी तो तिथेच उभ्याने खाल्ला, त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि निघाले.

गॅलरीत आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आजींना पत्रक द्यायचं राहिलं. मी देऊन येते."

"नको."

"का?"

"खोटां बोललंय मी तिच्याकडे," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मत कशा तोंडान मागू?"

मग पुढच्या दाराची कडी वाजवायला त्यांनी मला सांगितलं. दार उघडलं, बाई बाहेर आल्या, तरी भाऊ मागेच भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. त्यांचे दोष त्या दिवशी मीच सांगितले.