ठणठणीत सर्फर

"दुखापत? छे. इथे सगळे ठणठणीत," पहिला सर्फर म्हणाला. दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्यानेही. सर्फरांच्या दुखापती आणि तंदुरुस्ती यांवर संशोधन करायला आलेली फिजिओथेरपिस्ट रडकुंडीला आली. सकाळपासून साधी मुरगळसुद्धा हाती लागली नव्हती. तिच्या सरांनी तर बजावलंच होतं, "या आठवड्यात काही मिळालं नाही तर विषय बदल. मानदुखीचे कारकून हवे तेवढे आहेत."

गोम वेगळीच होती. प्रशिक्षक तिच्या खुर्चीमागेच उभे होते. त्यांना स्पर्धेचा संघ निवडायचा होता, आणि दुखणं कबूल करणारा घरी बसणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी तिने तोल तपासायचं ठरवलं. एक सर्फबोर्ड वाळूवर ठेवला आणि त्यावर चढली. "एका पायावर उभं राहायचं. सोपं आहे, हे बघा."

सगळ्यांनी बघितलं. बोर्ड डुगडुगला, ती एकीकडे गेली आणि घोटा दुसरीकडे.

प्रशिक्षक बर्फ आणायला धावले. त्यांची पाठ वळताच सर्फरांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं.

"पाय वर ठेवा, ताई. माझाही असाच सुजला होता."

"याला सूज म्हणतोस? माझी बरगडी बघ."

"मला तर डाव्या कानाने ऐकूच येत नाही."

"म्हणून हाकेला ओ देत नाहीस होय?"

"नाही, तुझी हाक उजव्या कानाने ऐकू येते. ओ मीच देत नाही."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. एका हाताने घोटा धरून ती दुसऱ्या हाताने लिहीत सुटली.

"आमची नावं लिहू नका हं, ताई."

"नावं हवीयत कोणाला? दुखतं कुठे ते सांगा."

बर्फ येताना दिसला तशी सगळी मंडळी पाण्यात पळाली. लंगडणारे लंगडायचंही विसरले.

प्रशिक्षकांनी डाव्या हाताने बर्फाची पिशवी घोट्यावर ठेवली. उजवा हात अंगाशी चिकटलेलाच होता.

"तो हात वर करा बरं," ती म्हणाली.

त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खांद्याच्या वर जात नाही. पोरांना कळलं तर काय इज्जत राहील?"

तिने मोठ्या कष्टाने हसू गिळलं. "बरा होईल की. रोज व्यायाम करावा लागेल. संघासाठी म्हणून सगळ्यांनाच करायला लावू, म्हणजे तुमचं कळायचं नाही."

"पण ते धडधाकट आहेत हो. कशाला करतील?"

"विचारून तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी भीत भीत विचारलं, "उद्यापासून रोज ताईंकडे व्यायाम. कोण कोण तयार आहे?"

एकजात सगळ्यांचे हात वर झाले. काहींचे खांद्यापर्यंतच.