शालनताई जमा होतात

निवृत्त ड्रॉइंग मास्तर मधुसूदन खोत यांनी गेल्या वर्षी लाल रंग कलासाधन कार्यालयात जमा केला, तेव्हापासून त्यांच्या घरातलं रक्तही पाण्यासारखं झालं. नियमच तसा होता. गावातल्या प्रत्येक चित्रकारानं दरवर्षी एक साधन जमा करायचं. साधनं कमी झाली की हात तयार होतो. आणि जमा केलेलं घरातूनही जायचं. हिरवा दिला तेव्हा परसातला कढीपत्ता राखाडी झाला, निळा दिला तेव्हा घरावरचं तेवढंच आभाळ कोरं राहिलं. यंदा विळीवर त्यांच्या बायकोचं, शालनताईंचं, बोट कापलं आणि पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही.

चित्रं मात्र सुधारली. उरलेल्या काळ्या-पिवळ्यात मास्तर बायकोचीच चित्रं काढत. लोक त्या चित्रांपुढून हलत नसत. मास्तरांना ते आवडे, आणि आवडतं याची लाज वाटे.

या वर्षी दोघं काळा रंग घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी गेले. खिडकीमागच्या तांबोळी मॅडमनी अर्ज वाचला.

"काळा नाही घेता येणार. यांची बुबुळं जातील. घरच्यांना इजा होईल असं आम्ही घेत नाही."

"मग पिवळा घ्या," मास्तर म्हणाले.

"घरात उजेड उरणार नाही. चित्रासाठी समोर कोण बसतं?"

"मी," शालनताई म्हणाल्या.

"मग तुम्ही साधनात मोडता."

"अहो, ती माझी बायको आहे!" मास्तर म्हणाले.

"असेल. अर्जात ते विचारलेलं नाही."

"मी चित्रंच सोडतो."

"मग सगळंच जमा करावं लागेल. बाईंसकट."

शालनताईंनी विचारलं, "किती दिवस?"

"यांचा हात तयार होईपर्यंत."

"आजवर कुणाचा झालाय?"

मॅडमनी रजिस्टर प्रामाणिकपणे चाळलं. "अजून नाही."

शालनताईंनी मास्तरांची कॉलर सारखी केली. "उभ्याउभ्या जेवू नका," म्हणाल्या आणि आतल्या दारानं गेल्या. मास्तरांना पावती मिळाली : एक नग, सुस्थितीत.

घरी दोरीवर साडी नव्हती. लग्नाच्या फोटोत मास्तर एकटेच हार घालून उभे होते. आठ दिवस त्यांनी ब्रश धरला नाही. नवव्या दिवशी तिचा आवाज आठवेना, तेव्हा ते घाबरून कागदापुढे बसले. नाक झालं आणि नाक विसरलं. ओठ झाले, ओठ विसरले. एकेक गोष्ट जाण्याआधी पकडत ते संध्याकाळपर्यंत काढत राहिले. हात कुठेही अडला नाही.

महिन्यानं मॅडम तपासणीला आल्या. चित्रापुढे उभ्या राहून त्यांनी डोळे पुसले.

"असं कधी जमलं होतं, मास्तर?"

"नाही."

"चित्राचं नाव काय लिहू?"

मास्तर त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"कोण आहेत, माहीत नाही," ते म्हणाले. "पण बसल्यात अगदी घरच्यासारख्या."

मॅडमनी 'अनोळखी बाई' असं लिहिलं आणि खाली शेरा मारला : लक्षणीय प्रगती.