माणिकअप्पांचा नटबोल्ट

दिंद्रुडच्या शाळेत बदली होऊन आलो, तेव्हा घरमालक माणिकअप्पांनी मला एकाच हाताने नमस्कार केला. दुसऱ्या हातात नटबोल्ट होता. अंगठ्यानं नट वर चढवायचा, खाली उतरवायचा. खोली दाखवून झाली, पाण्याची वेळ सांगून झाली, तरी नट फिरतच होता.

खाली अप्पांचं हार्डवेअरचं दुकान, वर मी. दुकानात शेकडो डबे, एकावरही चिठ्ठी नाही. गिऱ्हाइकानं बिजागरी मागितली की अप्पा डोळे मिटून नट दोन आटे फिरवत आणि हात बरोबर त्या डब्यात जाई. एकदा बोल्ट घरी विसरला. त्या दिवशी बिजागरी मागणाऱ्याला तोटी मिळाली आणि तोटी मागणाऱ्याला "उद्या या."

बोल्टही तीन. एक रोजचा. एक तेल पाजलेला, आवाज न करणारा. तो मयतीला आणि कीर्तनाला. तिसरा जाडजूड, "लई टेन्शन आलं तर." एका गिऱ्हाइकाला नेमकं तेच माप हवं होतं. अप्पा म्हणाले, "ह्यो इकायचा न्हाई बे. माजलगावला जा."

त्यांची एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात नोकरीला. तिनं ताण कमी करायची म्हणून एक रंगीत भिंगरी आणली. अप्पांनी दोन मिनिटं फिरवली आणि परत दिली. "नुसतीच भिंगतीय. बोटाला कायी कामच न्हाई."

"पण अप्पा, हे सारखं कशाला?" मी एकदा विचारलं.

"हात मोकळा ऱ्हायला की डोकं मोकाट सुटतं, गुर्जी."

सुवर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले आणि एका सकाळी तिचं बीपी एकदम वाढलं. जावई पुण्याहून निघाले. गाडी करून आम्ही तिला बीडला नेलं. वाटेत तिनं डोकं दुखतंय म्हटलं की अप्पांच्या हातातला जाडा बोल्ट जोरात कुरकुरायचा.

डॉक्टरांनी लगेच सीझर करायचं ठरवलं. सिस्टरनं विचारलं, "बरोबर बाई कोण आहे?"

"मीच हाय," अप्पा म्हणाले.

तिला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. पाच मिनिटांत सिस्टर पुन्हा बाहेर आली. "आजोबा, ते वाजवणं बंद करा. आत पेशंट घाबरतेत."

अप्पांनी मुकाट्यानं बोल्ट खिशात टाकला. मग मी त्यांचे हात पाहिले. दोन्ही थरथरत होते. मांडीखाली दाबले, तरी थांबेनात.

"हिची आय गेली तवा बी मी असाच भाईर बसलो व्हतो," ते हळूच म्हणाले. "बाजूला कुणीच नव्हतं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गुर्जी, तुमचा हात द्या जरा."

मी दिला. त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले, पण पकड लहान मुलासारखी.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

अप्पांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"अप्पा, चला, नात बघू."

"चलू की," ते म्हणाले. "जरा येळ असंच बसू द्या."